पंधरा वर्षे पानांवर : 'डॉक्टर हू'ची चित्रकथा

बीबीसीच्या 'डॉक्टर हू' या विज्ञानकथा मालिकेचा पहिला भाग २३ नोव्हेंबर १९६३ रोजी दाखवला गेला. पोलिसांच्या निळ्या खोक्यासारखे दिसणारे, बाहेरून लहान पण आतून अफाट असलेले 'टार्डिस' नावाचे यान घेऊन काळात आणि अवकाशात भटकणारा एक परग्रहवासी हा तिचा नायक. त्याला सगळे फक्त 'डॉक्टर' म्हणतात. १९६६ साली विल्यम हार्टनेल या पहिल्या नटाने भूमिका सोडली, तेव्हा लेखकांनी एक विलक्षण तोडगा काढला : मरणाच्या दारात पोचलेल्या डॉक्टरचा कायापालट होतो, चेहरा बदलतो, स्वभाव बदलतो, पण माणूस तोच राहतो. या एका कल्पनेच्या बळावर मालिका २६ वर्षे चालली. ६ डिसेंबर १९८९ रोजी 'सर्व्हायव्हल' या कथेचा अखेरचा भाग दाखवून ती थांबली, आणि २६ मार्च २००५ पर्यंत, १९९६ मधील एका चित्रपटाचा अपवाद सोडला तर, पडद्यावर परतली नाही. या सव्वापंधरा वर्षांत 'डॉक्टर हू मॅगझिन' या नियतकालिकाच्या सात-आठ पानांवर मात्र डॉक्टरची चित्रकथा अंकामागून अंक येत राहिली. मालिकेने मागे ठेवलेला धागा या पानांनी कसा सांभाळला, त्यात स्वतःचे काय विणले आणि शेवटी तो कसा परत केला, याचा हा इतिहास आहे.

स्मरणशक्ती नसलेली पहिली चित्रकथा

डॉक्टरची चित्रकथा मालिकेहून जेमतेम वर्षाने लहान आहे. 'टीव्ही कॉमिक' या मुलांच्या साप्ताहिकात ती नोव्हेंबर १९६४ मध्ये सुरू झाली. पहिला चित्रकार होता नेव्हिल मेन. प्रकाशकांकडे डॉक्टरचे हक्क होते, पण पडद्यावरच्या त्याच्या सहप्रवाशांचे नव्हते. म्हणून जॉन आणि जिलियन ही दोन नातवंडे नव्याने निर्माण करण्यात आली. डॉक्टरचे सर्वांत गाजलेले शत्रू, म्हणजे डालेक, हेही या चित्रकथेला मिळाले नाहीत. त्यांचे हक्क त्यांचा जनक टेरी नेशन याच्याकडे होते, आणि ते 'टीव्ही सेंच्युरी २१' या दुसऱ्याच साप्ताहिकाला मिळाले होते. तिथे जानेवारी १९६५ ते जानेवारी १९६७ अशी दोन वर्षे डालेकांची स्वतंत्र रंगीत चित्रकथा चालली. तीत डॉक्टर नव्हताच. डालेकांच्या साम्राज्याची जडणघडण त्यांच्याच बाजूने सांगितली जाई. तिचे लेखन मुख्यतः डेव्हिड व्हिटेकर याचे होते. तो मूळ मालिकेचा पहिला पटकथा संपादक. रॉन टर्नरने काढलेली तिच्यातली शेवटची पाने आजही ब्रिटिश चित्रकथेचा उत्तम नमुना मानली जातात.

'टीव्ही कॉमिक'ने डालेकांची उणीव 'ट्रॉड' नावाच्या यंत्रमानवांवर भागवली. पुढे डालेकांचे हक्क हाती आले, तेव्हा एका कथेत खऱ्या डालेकांकडून ट्रॉडांचा नायनाट करून तो विषय मिटवण्यात आला. त्या काळातली काम करण्याची रीत यातून दिसते. चित्रकथा हा परवान्याचा व्यवसाय होता. काय सांगायचे हे बऱ्याच अंशी करारावर ठरत असे, आणि गेल्या महिन्यात काय घडले याची आठवण ठेवण्याचे बंधन कुणावर नव्हते.

तरीही याच चित्रकथेने मालिकेचा अर्धवट राहिलेला धागा एकदा पुढे नेला. जून १९६९ मध्ये 'द वॉर गेम्स' या कथेच्या शेवटी डॉक्टरचे जातभाई, म्हणजे टाइम लॉर्ड, त्याला पृथ्वीवर हद्दपारीची आणि चेहरा बदलण्याची शिक्षा देतात. दुसरा डॉक्टर पॅट्रिक ट्राउटन अंधारात गिरक्या घेत नाहीसा होतो. नवा चेहरा मात्र दिसत नाही. तिसरा डॉक्टर जॉन पर्टवी जानेवारी १९७० मध्ये यायचा होता. मधले सहा महिने साप्ताहिक थांबू शकत नव्हते. म्हणून 'टीव्ही कॉमिक'ने शिक्षेचा अर्धा भागच अमलात आला असे मानले. जुन्याच चेहऱ्याचा डॉक्टर पृथ्वीवर हद्दपार होऊन लंडनच्या एका हॉटेलात राहू लागला. वर्षाच्या अखेरीस 'द नाइट वॉकर्स' या कथेत चालत्याबोलत्या बुजगावण्यांनी त्याला गाठले आणि टाइम लॉर्डांची उरलेली आज्ञा बजावली : कायापालट. एका फटीत चित्रकथेने कथा रचली आणि मालिका परतताच ती तिच्या स्वाधीन केली. पुढे जे मोठ्या प्रमाणावर व्हायचे होते, त्याची ही लहानशी रंगीत तालीम होती.

१९७१ मध्ये चित्रकथा 'काउंटडाउन' या अधिक देखण्या साप्ताहिकात गेली. तिथे जेरी हेलॉकसारख्या चित्रकारांनी पर्टवीचा डॉक्टर उठावदार रंगांत रंगवला. १९७३ मध्ये ती 'टीव्ही कॉमिक'कडे परतली, आणि शेवटी शेवटी तर जुन्याच कथांवर चौथा डॉक्टर टॉम बेकर याचा चेहरा चिकटवून त्या पुन्हा छापण्याची पाळी आली. मे १९७९ मध्ये हा अध्याय संपला.

मार्व्हल यूके : स्वतःचे जग

ऑक्टोबर १९७९ मध्ये डेझ स्किन या संपादकाने मार्व्हल कंपनीच्या ब्रिटिश शाखेतून 'डॉक्टर हू वीकली' सुरू केले. त्यात मालिकेविषयी लेख असत, जुन्या भागांची माहिती असे, आणि कणा म्हणून चित्रकथा. तिच्यासाठी पॅट मिल्स आणि जॉन वॅग्नर हे लेखक आले. दोघेही '२०००एडी' या ब्रिटिश विज्ञानकथा साप्ताहिकाच्या उभारणीतले. मालिकेसाठी त्यांनी बीबीसीकडे काही कथाकल्पना दिल्या होत्या. त्या पडद्यावर आल्या नाहीत, त्यांतल्या काही आता पानांवर आल्या. चित्रे डेव्ह गिबन्सची होती. हाच गिबन्स पुढे १९८६–८७ मध्ये अ‍ॅलन मूरसह 'वॉचमेन' करून जगप्रसिद्ध झाला.

पहिल्याच 'द आयर्न लीजन' या कथेत जिचा कधी ऱ्हासच झाला नाही अशा रोमन साम्राज्याची यंत्रमानवी फौज एका इंग्रज खेड्यावर चालून येते. बीबीसीच्या स्टुडिओत हे दृश्य अशक्य होते. तिथे हलत्या भिंती, पुठ्ठ्याची दालने आणि रबरी पोशाख यांवर भागवावे लागे. कागदावर मात्र दहा सैनिक काढायला आणि दहा हजार काढायला लागणारी शाई जवळपास सारखीच. ही मुभा मिल्स, वॅग्नर आणि गिबन्स यांनी ओळखली. त्याच वेळी टॉम बेकरचा लांब मफलर, मोठे डोळे आणि बेफिकीर हसू गिबन्सने इतके नेमके पकडले, की वाचकाला कथा परकी वाटली नाही.

१९८० च्या सुरुवातीला आलेली 'द स्टार बीस्ट' ही कथा सर्वांत टिकाऊ ठरली. ब्लॅककॅसल या उत्तर इंग्लंडमधील पोलादनगरीत पांढऱ्या मऊ केसांचा, मोठ्या डोळ्यांचा एक गोजिरवाणा परग्रही प्राणी सापडतो. त्याचे नाव बीप द मीप. त्याच्या मागे अक्राळविक्राळ कीटकासारखे शिपाई लागलेले असतात. मुले त्याला लपवतात. मग कळते की शिपाई कायद्याचे रक्षक आहेत आणि गोजिरवाणा बीप हा क्रूर संहारक आहे. रूपावरून पारख करू नये ही साधी शिकवण एवढ्या सहजतेने क्वचितच कुणी सांगितली असेल. याच कथेतली शॅरन ही शाळकरी कृष्णवर्णीय मुलगी डॉक्टरसोबत प्रवासाला निघाली. कोणत्याही माध्यमातली ती डॉक्टरची पहिली कृष्णवर्णीय सहप्रवासी. पडद्यावर हे घडायला पुढे दोन दशकांहून अधिक काळ लागला.

मुख्य कथेच्या मागे छोट्या पूरक चित्रकथा असत, आणि त्यांत डॉक्टर नसे. अ‍ॅलन मूरने उमेदवारीच्या काळात त्यांतल्या काही लिहिल्या. स्टीव्ह मूर आणि अवघ्या सतरा-अठरा वर्षांचा चित्रकार स्टीव्ह डिलन यांनी डालेकांचा कर्दनकाळ अ‍ॅब्सलॉम डाक निर्माण केला, आणि क्रोटॉनही. क्रोटॉन हा सायबरमन, म्हणजे भावना काढून टाकून यंत्र बनवलेला माणूस. पण त्याच्यात चुकून भावना उरल्या आहेत. ही मंडळी त्या वेळी पाने भरण्यापुरती वाटली असतील. वीस वर्षांनी त्यांचे मोल कळले.

सप्टेंबर १९८० पासून साप्ताहिकाचे मासिक झाले; तेच पुढे 'डॉक्टर हू मॅगझिन' म्हणून ओळखले जाऊ लागले. स्टीव्ह पार्कहाउस लेखनाला आला आणि चित्रकथेचा पैस वाढला. १९८२ च्या 'द टाइड्स ऑफ टाइम'मध्ये पाचवा डॉक्टर स्टॉकब्रिज या गावात क्रिकेट खेळत असतो. चेंडूच्या जागी हातबाँब येतो, काळाचे थर एकमेकांत मिसळू लागतात, आणि कथा तिथून टाइम लॉर्डांच्या मृत पूर्वजांच्या स्मृतिलोकापर्यंत जाते. शेड हा काळ्या गोल मस्तकाचा गूढ दूत याच कथेत अवतरला. पुढच्याच कथेत स्टॉकब्रिजचा मॅक्सवेल एडिसन भेटला. उडत्या तबकड्यांच्या मागे लागलेला हा भोळा माणूस गावाच्या चेष्टेचा विषय, पण वाचकांचा लाडका झाला. सहाव्या डॉक्टरच्या काळात पार्कहाउस आणि चित्रकार जॉन रिजवे यांनी 'व्हॉयेजर' ही स्वप्नासारखी कथा रचली आणि फ्रॉबिशर हा सहप्रवासी दिला. तो मुळात बहुरूपी, कोणतेही रूप घेऊ शकणारा गुप्तहेर. पण पसंती मात्र पेंग्विनच्या रूपाला. पडद्यावर हे पात्र उभे करणे कुणाला जमले नसते.

स्टॉकब्रिज, मॅक्स, शेड, क्रोटॉन, फ्रॉबिशर हे मालिकेकडून आलेले नव्हते. 'टीव्ही कॉमिक'च्या चित्रकथेला स्मरणशक्ती नव्हती. मार्व्हलच्या चित्रकथेने ती कमावली. तिला स्वतःचे गाव मिळाले, स्वतःची माणसे मिळाली. म्हणूनच मालिका थांबली तेव्हा तिच्या पायाखाली जमीन होती.

पडदा बंद होतो

१९८५ मध्ये बीबीसीने मालिका दीड वर्ष स्थगित ठेवली, तेव्हा काय होऊ शकते याची चुणूक मिळाली होती. चित्रकथा मात्र चालू राहिली. १९८७ मध्ये सिल्व्हेस्टर मॅकॉय सातवा डॉक्टर झाला आणि अँड्र्यू कार्टमेल हा तरुण पटकथा संपादक आला. कार्टमेल अ‍ॅलन मूरचा चाहता होता आणि आपल्या लेखकांना तो चित्रकथा वाचायला लावत असे. डॉक्टरला पुन्हा गूढ, खोल आणि थोडे भीतिदायक करायचे हा त्याचा प्रयत्न होता. म्हणजे चित्रकथेकडून मालिकेकडे जाणारा प्रवाह त्या वेळीच वाहू लागला होता. १९८९ नंतर मालिका संपल्याची औपचारिक घोषणा बीबीसीने केली नाही. पुढचे भाग फक्त निघाले नाहीत.

या टप्प्यावर परवान्यावर चालणारे बहुतेक प्रकाशन बंद पडते. ज्या मालिकेचे नियतकालिक, तीच उरली नाही तर वाचक कशासाठी येणार? 'डॉक्टर हू मॅगझिन'चे उत्तर दुहेरी होते. लेखांच्या पानांवर जुन्या मालिकेचा बारकाईने अभ्यास सुरू झाला, आणि चित्रकथेने पुढची गोष्ट सांगायला घेतली. १९९० मध्ये कार्टमेलने स्वतः 'फेलो ट्रॅव्हलर्स' ही चित्रकथा लिहिली. चित्रे आर्थर रॅन्सनची होती. पडद्यावरच्या शेवटच्या काळाचा सूत्रधार पानांवर आला, त्यामुळे सातवा डॉक्टर आणि त्याची सोबतीण एस यांची वाटचाल जिथे थांबली होती तिथून पुढे सरकली.

१९९१ मध्ये व्हर्जिन या प्रकाशनसंस्थेने 'न्यू अ‍ॅडव्हेंचर्स' ही मोठ्यांसाठीची कादंबरीमालिका सुरू केली. तीही सातव्या डॉक्टरची पुढची कहाणी होती. काही काळ चित्रकथेने कादंबऱ्यांशी जुळवून घेतले. कादंबऱ्यांत आलेली पुरातत्त्वज्ञ बर्नीस समरफील्ड चित्रकथेतही दिसू लागली. मात्र यात अडचण होती. चित्रकथा वाचणाऱ्या प्रत्येकाने कादंबऱ्या वाचलेल्या नसत, आणि कादंबऱ्यांतले संदर्भ सात पानांत उलगडता येत नसत. जी चित्रकथा एकेकाळी स्वतःच्या पायांवर उभी होती, ती दुसऱ्याच्या कथेची तळटीप होऊ लागली. त्यानंतर काही काळ संपादकांनी जुन्या डॉक्टरांच्या सुट्या कथा छापल्या. त्या वाचनीय होत्या, पण त्यांतून पुढे काही सरकत नव्हते.

तोडगा १९९६ मध्ये निघाला आणि तो निर्दय होता. स्कॉट ग्रेने लिहिलेल्या आणि मार्टिन गेराटीने चित्रित केलेल्या 'ग्राउंड झीरो' या कथेत एसचा मृत्यू झाला. कादंबऱ्यांमध्ये ती जिवंत होती. या एका घटनेने चित्रकथेने कादंबऱ्यांशी असलेली नाळ तोडली आणि आपला रस्ता वेगळा असल्याचे जाहीर केले. वाचकांना धक्का बसला, पण पुढच्या कथेत काहीही घडू शकते ही जाणीवही कित्येक वर्षांनी परतली.

आठवा डॉक्टर

त्याच वर्षी मे महिन्यात एक दूरचित्रवाणी चित्रपट आला. पॉल मॅगॅन आठवा डॉक्टर झाला. ब्रिटनमध्ये प्रतिसाद चांगला होता; अमेरिकेत मात्र प्रेक्षकसंख्या अपुरी ठरली आणि अपेक्षित मालिका उभी राहिली नाही. मॅगॅनचा डॉक्टर एकाच रात्रीचा पाहुणा ठरला. मऊ कुरळे लांब केस, मखमली कोट, उत्साही आणि हळवा स्वभाव एवढेच त्याच्याविषयी माहीत होते. बीबीसीच्या 'रेडिओ टाइम्स' साप्ताहिकाने गॅरी रसेल आणि ली सलिव्हन यांच्याकडून त्याची चित्रकथा सुरू केली, पण ती १९९७ मध्येच थांबली.

'डॉक्टर हू मॅगझिन'साठी मात्र ही मोठी संधी होती. हा डॉक्टर चालू काळातला होता, त्याचे पुढचे आयुष्य कुणीही लिहिलेले नव्हते, आणि पडद्याकडून कोणतीही अट येत नव्हती. एव्हाना मार्व्हलचा ब्रिटिश व्यवसाय पानिनी कंपनीकडे गेला होता. १९९६ च्या अखेरीस अ‍ॅलन बार्न्सची 'एंडगेम' ही कथा सुरू झाली. चित्रकार मार्टिन गेराटी. डॉक्टरचे यान उतरले ते स्टॉकब्रिजमध्ये, आणि तिथे मॅक्सवेल एडिसन त्याची वाट पाहत होता. मॅक्सची तरुण मैत्रीण इझी सिंक्लेअर ही नवी सहप्रवासी झाली. विज्ञानकथांवर पोसलेली, चुरचुरीत बोलणारी, आणि दत्तक असल्याची सल मनात बाळगणारी ही मुलगी म्हणजे जणू मासिकाच्या वाचकाचेच रूप होते. चौदा वर्षांपूर्वी पार्कहाउसने बांधलेले गाव आता नव्या डॉक्टरचे घर झाले.

पुढची आठ वर्षे बार्न्स, ग्रे, गेराटी आणि शाईकाम करणारे त्यांचे सहकारी यांनी एक सलग महाकथा उभारली. सुट्या वाटणाऱ्या कथांमधून सूत्रे पेरायची आणि एखाद-दीड वर्षाने मोठ्या कथेत ती एकत्र आणायची, ही त्यांची रीत. दूरचित्रवाणीवर वर्षभराचे कथासूत्र बांधण्याची पद्धत तेव्हा रुळत होती. तीच त्यांनी सात पानांच्या मापात बसवली.

त्यांचे सर्वांत धाडसी पाऊल १९९८ मधले. 'द फायनल चॅप्टर'च्या शेवटी आठव्या डॉक्टरचा कायापालट होतो. पुढच्या 'वर्मवुड' कथेत नवा, टक्कल पडलेला नववा डॉक्टर वावरू लागतो. त्याचा चेहरा निकोलस ब्रिग्ज या नटाचा होता. चाहत्यांनी तयार केलेल्या ध्वनिनाट्यांत तो पूर्वी डॉक्टर झाला होता. वाचकांनी हे खरे मानले, कारण खोटे मानायला आधारच नव्हता. पडद्यावर डॉक्टर नसताना मासिक म्हणेल तोच डॉक्टर. काही अंकांनंतर उलगडा झाला : तो डॉक्टर नव्हताच, शत्रूला चकवण्यासाठी त्याचे सोंग घेतलेला शेड होता. खरा आठवा डॉक्टर सुखरूप होता. या खेळीने एक गोष्ट सिद्ध केली. वाचक आता या पानांना मालिकेची सावली समजत नव्हते. इथे घडेल ते खरे, असा त्यांचा विश्वास बसला होता. चेहरा देणाऱ्या ब्रिग्जचाही पुढे मूळ मालिकेशी थेट संबंध आला. २००५ पासून पडद्यावरच्या डालेकांना आवाज त्यानेच दिला.

२००० मध्ये 'द ग्लोरियस डेड' ही दहा भागांची कथा आली. तीत डॉक्टरचा जुना वैरी मास्टर सर्व विश्वांवर ताबा मिळवू पाहतो. त्याला थोपवतो तो १९७९ मधला विसरलेला क्रोटॉन. पूरक पानांवर जन्मलेला, मन उरलेला तो सायबरमन इथे विश्व वाचवतो. स्मरणशक्ती असलेली चित्रकथा काय करू शकते, याचे हे सर्वांत सुंदर उदाहरण आहे.

२००१ मध्ये ३०० व्या अंकापासून, 'ऑफिडियस' या कथेने, मुख्य चित्रकथा रंगीत झाली. कृष्णधवल पानांची दोन दशके संपली. या कथेत डेस्ट्री नावाची माशासारख्या खवल्यांची परग्रही तरुणी इझीचे शरीर चोरते आणि इझी तिच्या देहात अडकते. आरशात स्वतःला न ओळखू शकणारी मुलगी हा विषय लेखकांनी कित्येक अंक सोडला नाही. २००३ मध्ये 'ऑब्लिव्हियन' कथेच्या शेवटी इझीला तिचे शरीर परत मिळते, आणि आपल्याला स्त्रियांविषयी प्रेम वाटते हे ती प्रथमच उघडपणे मान्य करते. मग ती आईवडिलांकडे, स्टॉकब्रिजला परतते. ज्या मुलीने घरापासून पळण्यासाठी टार्डिसमध्ये पाऊल ठेवले होते, तिचा प्रवास घरीच संपतो. देहाच्या अदलाबदलीची विज्ञानकथा आणि स्वतःला स्वीकारण्याची मानवी कथा इथे एकच होऊन जाते.

या काळात आठव्या डॉक्टरच्या कथा आणखी दोन ठिकाणी चालू होत्या. बीबीसीच्या कादंबऱ्या १९९७ पासून निघत होत्या, आणि बिग फिनिश ही संस्था ध्वनिनाट्ये काढत होती. २००१ पासून त्यांत स्वतः मॅगॅन डॉक्टर झाला, आणि त्याच्या पहिल्या ध्वनिनाट्याचा लेखक होता 'एंडगेम'चा अ‍ॅलन बार्न्स. तिन्ही ठिकाणचे तपशील एकमेकांशी जुळत नसत, पण लेखक, चित्रकार आणि नट यांची ये-जा चालू होती. मालिका नसताना तिचे काम करणाऱ्यांची एक पिढी इथे तयार होत होती.

न काढलेले चित्र

सप्टेंबर २००३ मध्ये बीबीसीने मालिका परत आणण्याची घोषणा केली. सूत्रधार होता रसेल टी. डेव्हिस. क्रिस्टोफर एक्लस्टन नववा डॉक्टर होणार होता आणि आठव्याचा कायापालट पडद्यावर दाखवला जाणार नव्हता. मासिकाचा संपादक तेव्हा क्लेटन हिकमन होता. चित्रकथेत आठव्याचा नववा होताना दाखवायला डेव्हिसने संमती दिली. अधिकृत मालिकेतली इतकी महत्त्वाची घटना चित्रकथेच्या वाट्याला येणे ही अपूर्व गोष्ट होती.

२००४ मध्ये ग्रे आणि गेराटी यांची 'द फ्लड' सुरू झाली. लंडनच्या कॅम्डनमध्ये सायबरमन असा पाऊस पाडतात की त्यात भिजणाऱ्या माणसांच्या भावना असह्य तीव्र होतात. यातना संपवण्यासाठी लोक स्वतःहून भावनाहीन सायबरमन व्हायला तयार होतात. डॉक्टर टार्डिसच्या मूळ ऊर्जेला स्वतःच्या देहातून वाट देऊन हे संकट नष्ट करतो. कायापालट व्हायला यापेक्षा योग्य क्षण मिळाला नसता.

पण एक अट होती. पडद्यावर नव्या डॉक्टरची सोबतीण रोझ होती, त्यामुळे नवव्या डॉक्टरने चित्रकथेत एव्हाना डॉक्टरची सोबतीण झालेल्या डेस्ट्रीबरोबर प्रवास केलेला चालणार नव्हता. कायापालट दाखवायचा, आणि पुढच्याच अंकात डेस्ट्रीचे काय झाले हे न सांगता तिला वगळायचे, असा पेच उभा राहिला. मासिकाच्या मंडळींनी विचार करून मिळालेली संधी सोडली. 'द फ्लड'च्या शेवटच्या पानावर आठवा डॉक्टर, त्याच चेहऱ्याने, डेस्ट्रीसह पुढच्या प्रवासाला निघतो. कायापालटाचा पर्यायी शेवट पुढे कथेच्या पुस्तकरूपात वाचकांना पाहायला मिळाला.

हा निर्णय चित्रकथेच्या पंधरा वर्षांच्या कमाईचे सार आहे. इतिहासात नाव लागेल अशी घटना हाती असताना आपल्या पात्राशी प्रामाणिक राहणे त्यांना अधिक मोलाचे वाटले. त्यामुळे घटनाही मोकळी राहिली. नोव्हेंबर २०१३ मध्ये मालिकेच्या पन्नाशीनिमित्त 'द नाइट ऑफ द डॉक्टर' हा छोटा भाग प्रसारित झाला. सतरा वर्षांनी पॉल मॅगॅन पुन्हा डॉक्टरच्या वेषात कॅमेऱ्यापुढे उभा राहिला आणि आठव्याचा कायापालट त्याच्या स्वतःच्या चेहऱ्यावर झाला.

परतफेड

मार्च २००५ मध्ये मालिका परतली आणि मासिकात नववा डॉक्टर व रोझ यांची 'द लव्ह इन्व्हेजन' सुरू झाली. लेखक गॅरेथ रॉबर्ट्स व हिकमन, चित्रकार माइक कॉलिन्स. चित्रकथा पुन्हा चालू मालिकेची सोबतीण झाली. पण आता देवाणघेवाण उघडपणे दोन्ही बाजूंनी होऊ लागली. रॉबर्ट्सची २००६ मधली 'द लॉजर' ही छोटी चित्रकथा, ज्यात डॉक्टर एका सामान्य माणसाच्या घरात राहायला येतो, तिच्यावरून २०१० मध्ये त्याच नावाचा भाग पडद्यावर आला.

सर्वांत मोठी परतफेड साठाव्या वर्षी झाली. ऑक्टोबर २०२२ मध्ये पडद्यावर चौदावा डॉक्टर अवतरला आणि पुढचा भाग येण्यास वर्षाहून अधिक अवकाश होता. ही फट मासिकाने 'लिबरेशन ऑफ द डालेक्स' या चित्रकथेने भरली. ती दोन भागांमधली अधिकृत कडी होती. लेखक होता अ‍ॅलन बार्न्स आणि चित्रकार होता ली सलिव्हन. १९६९ मध्ये बुजगावण्यांनी केलेले काम इथे पुन्हा झाले, या वेळी मालिकेच्या सूत्रधारांशी पूर्ण मेळ राखून. २५ नोव्हेंबर २०२३ रोजी साठाव्या वर्धापनानिमित्तचा पहिला विशेष भाग प्रसारित झाला. त्याचे नाव होते 'द स्टार बीस्ट', आणि मूळ कथेचे श्रेय पॅट मिल्स व डेव्ह गिबन्स यांना दिलेले होते. १९८० मध्ये शाईने काढलेला बीप द मीप पांढऱ्या मऊ केसांसह पडद्यावर चालू लागला. त्याला आवाज मिरियम मार्गोलीस या ज्येष्ठ अभिनेत्रीने दिला. जे बीबीसीच्या स्टुडिओत करता येत नाही म्हणून कागदावर काढले गेले होते, ते त्रेचाळीस वर्षांनी बीबीसीने कागदावरून उचलून घेतले.